घाटावरचा गूळ

साठ सालच्या आसपास उरणजवळच्या आमच्या गावातून घाटावरच्या उसाला खत जायचं. खत म्हणजे वाळवून कुटलेली बारीक मासळी. ट्रक ती पोती घेऊन जायचा आणि परतताना गुळाच्या ढेपा आणायचा. आई खळ्यावर मासळी वाळवायची, म्हणून आमच्या घरी गूळ कधी कमी पडला नाही.

दिवाळीनंतर धाकट्या भावाला गोवर आला. गोवरात घरात मासळी शिजत नाही, देवी कोपते. आई त्याच्याही पुढे गेली. पोर उठलं तर चैत्राच्या जत्रेत ओटी भरीन, तोवर आम्ही मायलेकरं मासळी तोंडात घालणार नाही, असा नवस बोलली. पोर उठलं, आणि पेज-गुळावर राहिलं. त्याचे गाल भरले, पाय फुगले. शेजारणी म्हणाल्या, "अंग धरलं पोरानं." मला मात्र त्याच्याकडे बघवत नव्हतं. केस तांबडे पडले होते आणि तो हसायचाच बंद झाला होता.

उरणच्या डॉक्टरांनी त्याच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला.

"बाई, ही सूज आहे. गुळाने पोट भरतं, अंग घडत नाही. त्याला लागतात ती ॲमिनो आम्लं मासळीत असतात. आजपासून द्या, नाहीतर मूल हातचं जाईल."

ज्या मासळीवर तो ऊस पोसला, ती आमच्या खळ्यात ढिगाने पडलेली, आणि आमचं पोर त्याच उसाच्या गुळावर मरायला टेकलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला आजही संताप येतो; देवीचा की आईचा, ते ठरवता येत नाही.

आईने त्याच दिवशी जवळा शिजवला. भावाने दात आवळले.

"नको. देवी मारंल."

हे त्याला तिनेच शिकवलं होतं. तिने समजावलं, चापट मारली, शेवटी त्या एवढ्याशा पोराच्या पाया पडली. मग तो घास तिने स्वतःच्या तोंडात घातला.

"बघ, नवस मी मोडला. आता देवी मना नेईल, तुला नाय."

त्याने भोकाड पसरलं, आणि त्या उघड्या तोंडात आईने दुसरा घास कोंबला.

सूज हळूहळू उतरली. आई मात्र रोज सकाळी माझा हात आपल्या कपाळावर ठेवायची. "बघ गो, अंग तापलंय का माजं?" मी नाही म्हटलं की एकदा भावाकडे बघायची आणि खळ्यावर जायची.