बाहेरून अर्धा इंच, नावानं पाव

मी बत्तीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात काढली, त्यामुळं नात्यात कुठलंही यंत्र अडलं की मलाच बोलावतात. (मी टाइम ऑफिसात होतो. हजेरी मांडायचो. पण हे मी कधी फारसं स्पष्ट केलं नाही.)

माझी भाची सायली दातांची डॉक्टर. सिडकोत नवा दवाखाना थाटताना तिनं एका निवृत्त डॉक्टरांची अमेरिकन खुर्ची घेतली. दात कोरायचं यंत्र हवेवर फिरतं आणि ती हवा कॉम्प्रेसरमधून नळीनं खुर्चीत येते. ती नळी जोडायचा पितळी, आटेदार निपल नेमका आणताना वाकला. पहिला पेशंट चार वाजता येणार होता, आणि पेशंट म्हणजे वैजापूरच्या तिच्या सासूबाई! "सुनेच्या हातून दाढ? बघू," एवढंच म्हणाल्या होत्या. त्या तशाच परतल्या तर वैजापूरभर काय शोभा होईल, या विचारानं सायली सकाळपासून जेवली नव्हती.

"मामा, जमेल ना?"

"अगं, हवेची लाइन म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!"

पट्टी लावली. निपलची जाडी तेरा मिलिमीटर. म्हणजे अर्धा इंच! थेट शहागंज गाठलं. हार्डवेअरवाले रहीमचाचा म्हणाले, "पुराना पीस लाये क्या, साब?"

"मोजून आलोय, चाचा. अर्धा इंच द्या."

परत येऊन बघतो तर नवा निपल भोकाच्या दीडपट! पुन्हा शहागंज.

"बाहर से आधा दिखा तो उसको पाव इंच बोलते, साब," चाचा शांतपणे म्हणाले. "पाइप का नाप ऐसाच रहता. पुराना पीस..."

"पाव इंच द्या!" (हजेरीपटात या ज्ञानाचा रकाना नव्हता, त्याला मी काय करणार?)

पाव इंची निपल तीन आटे गोडीगुलाबीनं गेला आणि चौथ्याला अडला. मी काय माघार घेणार? अख्खा टेफ्लॉन टेप फेट्यासारखा गुंडाळला, पान्हा लावला आणि सगळा जोर काढून पिळला. कॉम्प्रेसर सुरू केला मात्र, कुकरसारखी शिट्टी झाली आणि टेपच्या चिंध्या खोलीभर उडाल्या! त्यातली एक नुकत्याच आत आलेल्या सासूबाईंच्या अंबाड्यावर जाऊन बसली.

"काय गं, हे फटाके कशाचे?"

"आई, दोनच मिनिटं..."

"दाढ लई ठणकतीय माझी. जमत नाय तर तसं सांग, समोरच्या डॉक्टरकडं जाते!"

सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं वाकलेला निपल माझ्या हातात ठेवला. "मामा, हा घेऊन जा. बोलू काही नका. नुसता दाखवा."

चाचांनी जुना निपल नव्याला आडवा टेकवला आणि बल्बसमोर धरला. सुरुवातीचे दोन-तीन आटे एकमेकांत बसले, पुढं मात्र फटीतून उजेड दिसायला लागला. मग त्यांनी कंगव्यासारखी दातेरी पट्टी लावून दोन्हींचे आटे मोजले. "अपनी चूड़ी इंच में उन्नीस, इसकी अठारह. ये अमेरिकन है, साब. जबरदस्ती कसे क्या?"

"थोडीशी..."

"चलो, मैंच आता."

चाचांनी माझा पराक्रम हळूहळू सोडवला आणि भोकात टॉर्च मारला. खुर्चीचेच आटे गेले असते तर सगळंच संपलं होतं!

"बच गये. आपका पीतल घिसा. कुर्सी सलामत है."

मी त्यांना मिठीच मारणार होतो, पण त्यांच्या हातात पान्हा होता. खुर्चीकडच्या तोंडाला अमेरिकन आणि नळीकडच्या तोंडाला आपले आटे असलेला निपल त्यांनी बसवला, टेपचे मोजून तीन वेढे दिले आणि कॉम्प्रेसर सुरू केला. फुस्स नाही की शिट्टी नाही! दात कोरायच्या यंत्राचा तो कर्कश आवाज मला त्या दिवशी सनईहून गोड वाटला.

अर्ध्या तासानं सासूबाई गाल धरून उठल्या. "हात लई हलका हाय गं पोरी तुझा. कळलंबी नाय! आता वैजापुरातल्या बायका धाडते तुझ्याकडं." सायली इतकी हसली की माझ्या जिवावरचं ओझंच उतरलं. मग सासूबाईंनी विचारलं, "आन् हे मशीन कुणी जोडलं म्हणं?"

मी तोंड उघडलं.

"मामा, उघडलंच आहे तर खुर्चीत बसा," सायली म्हणाली. "पुढचा नंबर तुमचा!"

बसलो. तीन दात किडलेले निघाले, आणि तोंडात कापूस कोंबलेला असल्यामुळं आयुष्यात पहिल्यांदाच मी तासभर कुणालाही सल्ला दिला नाही.