उशी न शिवणारा शिंपी

आनेकलजवळच्या मैदानावर आम्ही उशीवर बसून, गुडघ्यांवर कोपरं टेकवून, एअर रायफलने लांबवरचे पत्र्याचे पक्षी पाडतो. माझी नळी सारखी हलायची. वैतागून रायफल विकायलाच निघालो होतो. शेवटचा उपाय म्हणून जाड उशी शिवून घ्यायला चिकपेटच्या कापडबाजारात गेलो.

शिंपी बेळगावकडचा, साठीचा, कानामागे खडू. त्याने माझी जुनी उशी दाबून पाहिली. "बसता कसं ते दाखवा की."

मी दुकानातच बसलो आणि रायफलऐवजी त्याची लाकडी पट्टी धरली. तिचंही टोक थरथरत होतं.

"उशी बरी आहे सर. कोपर गुडघ्याच्या वाटीवर ठेवलंय तुम्ही. हाडावर हाड घसरतंय बघा. स्वल्प पुढं घ्या, दंड टेकू दे."

माझा हात त्यानेच सरकवला. पट्टी थांबली.

"तुम्ही कधी बंदूक धरलीय?" मी विचारलं.

"छे! सुईत दोरा ओवतो की रोज."

उशी शिवायला त्याने साफ नकार दिला. त्याचं नाव विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

पुढच्या रविवारी मैदानावर सगळ्यांत लांबचा पत्र्याचा कावळा पडला. कोच कोण, असं आता लोक विचारतात. चिकपेटातला शिंपी, असं मी सांगतो. ते हसतात. मी तोवर कोपर पुढे सरकवून बसलेला असतो.