अनकेम्प्ट

इंग्रजी शब्दावर कुणी वर्षानुवर्षं राग धरतं का? मी धरला आहे. ‘अनकेम्प्ट’ हा तो शब्द.

आमचं घर बेळगावच्या शहापुरातल्या विणकरांचं. पांजणीच्या दिवशी, म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावायच्या दिवशी, घरातल्या बायका-पोरींचे हात कोपरापर्यंत चिकट असायचे. त्याच हातांनी मी तोंडावर येणारे केस मागं सारायची. होता होता मानेवर केसांचा एक लगदा धरला. आत्यानं तो पाहिला आणि हात जोडले.

“फणी लावू नगंस गं. यल्लम्मा आलीया. जट हाय ती.”

झालं. लगद्याला हळदकुंकू लागलं, डोक्यावरून न्हाणं बंद झालं. येत्या पुनवेला मला यल्लम्माच्या डोंगरावर नेऊन देवीला सोडायचं ठरलं. म्हणजे शाळा सुटली, लग्न नाही, जन्मभर परडी घेऊन जोगवा मागायचा. आत्या तेच करत होती. तिच्या डोक्यावर लहानपणापासूनची जट होती.

शाळेत आणखी वेगळी तऱ्हा. कॅम्पातल्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या मडमनं मला वर्गापुढं उभं केलं, फळ्यावर ‘अनकेम्प्ट’ लिहिलं आणि माझ्या डोक्याकडं बोट दाखवलं. अर्थ काय, तर अजागळ, गबाळं, नीट न राखलेलं. बागेला लावा, अंथरुणाला लावा, माणसाला लावा. मग पोरींनी एकेक वाक्य केलं आणि प्रत्येकीच्या वाक्यात मीच. शेवटी मडमनं सहज सांगितलं की मुळात या शब्दाचा अर्थ एवढाच, न विंचरलेलं.

माझं डोकं फिरलं. घरात मी देवीची, शाळेत गबाळी, आणि अख्ख्या बेळगावात एकाही शहाण्याला फणी सुचू नये?

घरी आले ती थेट चुलीवर पाणी ठेवलं. आत्या आडवी आली.

“हात झडतील. घराचं वाटुळं हुईल.”

“मागावर सूत गुंतलं, तर ते बी देवीला सोडता व्हय?” मी विचारलं.

तेलाची वाटी आईनंच आणून ठेवली आणि माझ्यामागं बसली. ऊन पाण्यात लगदा भिजला तशी जुनी खळ सुटत गेली, घंगाळातलं पाणी पेजेसारखं पांढरं झालं. आईनं तेल लावून एकेक बट मोकळी केली. केस तुटले, डोळ्यांत पाणी आलं, पण फणी शेवटी टोकापर्यंत गेली. पुनवेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आत्या मात्र त्या दिवशी घंगाळापाशीच उभी होती. पोरपणी तीही याच अंगणात पांजणी करायची. तिनं वाकून पाण्यात दोन बोटं बुडवली, अंगठ्यानं चोळून बघितली. मग डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

“माझ्या येळेला पानी कुणी तापिवलंच न्हाय,” ती म्हणाली, आणि आत गेली.