उस्तादांची पेटी आणि वहिनींची कंबर

माझं झेरॉक्सचं दुकान आणि उस्तादांचं शिलाई मशिन दुरुस्तीचं दुकान समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. माझ्याकडे दिवसाला दहा-बारा गिऱ्हाइकं, त्यामुळे डोळे रिकामेच असतात. रिकामे डोळे समोर जाणार नाहीत तर कुठे जातील? उस्ताद मला चोंबड्या म्हणतात. आमची हीसुद्धा तेच म्हणते, पण उस्तादांनी म्हटलं की जरा कौतुक केल्यासारखं वाटतं.

मात्र सांगायचंय ते वहिनींबद्दल. उस्तादांच्या बायकोला सगळी गल्लीच वहिनी म्हणते. दोन वर्षांपूर्वी उस्तादांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, पाय ओढत चालायला लागले. वाचा तेवढी शाबूत राहिली, आणि हाताची उरलेली ताकदही तिकडेच गेली असावी असा माझा अंदाज आहे. तीस वर्षं शेजारी बसून, मशिनं आधी पुसायला, मग तेल घालायला, मग हळूच उघडायला शिकलेल्या वहिनी दुसऱ्याच महिन्यात दुकानातल्या स्टुलावर बसल्या. कुणी बसवलं नाही. शिंप्यांची मशिनं दारात थांबलेली होती, म्हणून बसल्या.

रोज सकाळी त्या उस्तादांना वरच्या खोलीतून खाली आणायच्या. बारा पायऱ्या. एका हाताने कठडा, दुसऱ्याने नवरा. खाली आल्यावर त्यांना कोपऱ्यातल्या हातांच्या खुर्चीत बसवायचं, पायाखाली पाट द्यायचा, आणि मग कमरेवर तळवा ठेवून एक "हं" म्हणायचं. तो "हं" मला रस्त्याच्या अलीकडे ऐकू यायचा. मी त्यावरून घड्याळ लावत असे.

आता पेटी. उस्तादांच्या वडिलांची, जाड लाकडाची, वरून झाकण उघडणारी, जमिनीवर ठाण मांडून बसलेली. आत एकावर एक तीन कप्पे आणि त्यांच्या तळाशी खड्डा. वरच्या कप्प्यात स्क्रू ड्रायव्हर आणि तेलाची डबी, मधल्यात शटल, बॉबिनच्या केस, स्प्रिंगा, खालच्यात पट्टे, आणि खड्ड्यात हातोडी, पान्हे, दातेरी चाकं आणि देव जाणे काय काय. म्हणजे पान्हा हवा तर वाका, पहिला कप्पा उचला, दुसरा उचला, तिसरा उचला, पान्हा घ्या, आणि तिन्ही परत ठेवा. ठेवून झालं की आठवायचं, पान्हा दहा नंबरचा हवा होता.

पण कुठली वस्तू कुठे आहे हे उस्तादांना डोळे मिटून माहीत. वहिनींनी नुसतं "अहो, ती बारकी स्प्रिंग" म्हणायचं, की कोपऱ्यातून आवाज यायचा, "मधला कप्पा, उजवा कोपरा, हिरव्या डबीखाली." चुकायचे नाहीत. मी येणाऱ्या शिंप्यांशी चहाची पैज लावत असे. बरेच चहा प्यायलो त्या पेटीवर.

एक दिवस मी सहज मोजलं. वहिनी सकाळपासून जेवणापर्यंत एकतीस वेळा वाकल्या. बत्तिसाव्यांदा वाकल्या त्या वर आल्याच नाहीत. पेटीच्या काठाला धरून तशाच राहिल्या. मी धावत गेलो.

"वहिनी, काय शोधताय?"

"कंबर," त्या म्हणाल्या. "इथेच कुठेतरी होती."

उस्ताद म्हणाले, "तळाशी बघ, हातोडीच्या शेजारी." आम्ही तिघेही हसलो, पण वहिनींना हसताना कळ आली आणि त्या मध्येच थांबल्या.

त्याच दुपारी मी तोंड घातलं. म्हटलं, "पेटी उंचावर ठेवा, पुढची फळी कापा, आत दोन्ही बाजूंना पट्ट्या ठोका. हेच कप्पे ड्रॉवरसारखे पुढे ओढता येतील. बसल्या जागी सगळं हाताशी."

वहिनी पेटीकडे बघत राहिल्या. मग मागच्या बाजूला पडलेल्या भंगार मशिनच्या बिडाच्या स्टँडकडे बघितलं. स्टुलावर बसून हात पुढे केला, आणि हवेत एक उंची मोजली.

"कापायचं नाही," उस्ताद म्हणाले.

"अहो, पण..."

"चांगली पेटी आहे. तिला काय धाड भरलीय?"

"तिला नाही भरली. मला भरलीय."

हा वाद तीन दिवस चालला. आम्हाला दोघांना वाटलं, वडिलांची वस्तू म्हणून जीव अडकलाय. मी तर समजूतही घातली, "उस्ताद, लाकूड तेच राहणार, फक्त उघडायची बाजू बदलणार." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी झेरॉक्सला आलेलं रिकामं पान आहे.

रविवारी दुकान बंद ठेवून वहिनींनी करवत घेतली. मी पेटी धरली, म्हणजे पेटीवर हात ठेवून बोलत होतो. उस्तादांनी खुर्चीतून शेवटचं सांगितलं, "काप. माझा हातच काप त्यापेक्षा. तसाही एक गेलेलाच आहे." वहिनींची करवत अर्ध्या फळीत थांबली. त्यांनी वळून बघितलं नाही. घाम पुसला, आणि पुन्हा कापायला लागल्या. संध्याकाळपर्यंत पेटी बिडाच्या चार पायांवर उभी राहिली. पुढून उघडी, तीन ड्रॉवर, तळाच्या खड्ड्याचा चौथा, आणि पान्हे लटकवायला बाजूला खिळ्यांची रांग. निघालेलं झाकण भिंतीला टेकवून ठेवलं. खरं सांगतो, देखणी दिसत होती. म्हातारी नव्या चपला घालून निघाल्यासारखी.

सोमवारी एक शिंपी मशिन घेऊन आला. वहिनींनी ते उघडलं, मधला ड्रॉवर ओढला, स्प्रिंग उचलली, बसवली. वाकल्या नाहीत, विचारलं नाही. मी समोरून बघत होतो. उस्तादांचं तोंड उघडलं होतं. "मधला" एवढं तरी नक्कीच जिभेवर आलं असणार. मग ते तोंड हळूच मिटलं. अर्ध्या तासाने पुन्हा तसंच. दुपारी वहिनींनी पान्हा खिळ्यावरून काढला तेव्हा तर उघडलंच नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पेटी वडिलांची होती म्हणून नव्हे. त्या पेटीत काय कुठे आहे हे सांगणं, एवढंच काम त्यांच्याकडे उरलं होतं. आणि ते मी काढून घेतलं होतं, फुकटचा सल्ला देऊन. एरवी माझा सल्ला कुणी घेत नाही. घेतला तो नेमका हा.

मंगळवारी ते खाली आले नाहीत. "आज नको, वरच बसतो." बुधवारीही नाही. वहिनींच्या बारा पायऱ्या वाचल्या, वाकणं वाचलं, सकाळचा तो "हं"सुद्धा बंद झाला. माझं घड्याळ बंद पडलं. आठवड्याने मी चहा घेऊन गेलो. पैजेचा नव्हे, पदरचा.

"कंबर काय म्हणते?"

"बरी आहे." त्या मशिनचं चाक फिरवत होत्या. "हे भिंतीकडे तोंड करून बसतात, भाऊजी. जेवण ठेवलं की जेवतात. कालपासून मीठ कमी आहे असंही म्हणाले नाहीत." चाक थांबलं. "मला वाटलं होतं, कंबर दुखायची थांबली की मीही जरा थकायची थांबेन."

माझ्या तोंडाशी आलं होतं काहीतरी. गिळलं. आयुष्यात क्वचित घडतं असं.

वहिनींच्या समोर बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. चाळीस वर्षांत उघडलेल्या मशिनांचे उरलेले स्क्रू, सगळे एकत्र. कुठला कुठल्या मशिनचा हे त्यांना कळत नव्हतं, आणि समोरच्या जुन्या मशिनचा एक स्क्रू त्या सकाळपासून शोधत होत्या. त्यांनी डब्याकडे बघितलं, मग भिंतीला टेकलेल्या झाकणाकडे. उठल्या. झाकण खुर्चीच्या दोन हातांवर आडवं ठेवून बघितलं. एक टोक कापलं, खाली दोन पट्ट्या ठोकल्या, कडेला बोटभर उंचीचा काठ लावला. मग वर गेल्या.

बारा पायऱ्या उतरायला त्या दिवशी बराच वेळ लागला. उस्तादांनी खुर्चीकडे बघितलं.

"हे काय? बाळाची खुर्ची?"

"हो. बसा. मला तीन मशिनं आज द्यायचीत आणि एक स्क्रू सापडत नाही. हे सगळं निवडा, मशिनवार. मला नाही कळत यातलं."

"डाव्या हाताने?"

"मग काय, माझ्या?"

डबा झाकणावर रिकामा झाला. मग डाव्या हाताचं एक बोट पुढे आलं, एक स्क्रू बाजूला सरकला. त्यातलं बरंच मला दिसलं नाही, कारण नेमकं तेव्हाच एक बाई आधार कार्डाच्या चार प्रती मागायला आली. पण थोड्या वेळाने आवाज आला, "हा घे तुझा. आणि त्याला तेल लाव आधी, नाहीतर आटे जातील."

आता सगळं सुरळीत झालं असं वाटेल तुम्हाला. तसं काही नाही. डावा हात तो, त्याला कुठली सवय. चिमटीतून स्क्रू सुटतो, काठ ओलांडतो, टणकन खाली. तासाला पाच-सहा. आणि वहिनी स्टुलावरून उठून, कमरेला हात लावून, वाकतात.

"कुठे गेला?"

"खुर्चीच्या मागच्या पायाशी. डावीकडे. अगं डावीकडे! जरा पुढे. तुझ्या टाचेजवळ."

चुकत नाहीत, अजूनही. परवा मी आपलं सहज मोजत बसलो होतो. जेवणापर्यंत तेवीस. म्हणजे एकतिसाला आठ कमी. मी ओरडून सांगितलं, "वहिनी, फायदा आहे! आठ वाचले!"

वहिनी वाकलेल्याच होत्या. खालूनच त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहरा लाल, डोळ्यांखाली काळं, आणि तरी ओठांचा एक कोपरा वर.

"मोजायला येतं तर उचलायलाही येईल, भाऊजी. या इकडे."

गेलो. काय करणार. गुडघे टेकून पेटीच्या बिडाच्या पायांखाली हात घातला. गुडघ्यांनी कुरकुर केली, आणि माझ्या डोक्यावरून आवाज आला,

"तिथे नाही, चोंबड्या. चौथ्या ड्रॉवरखाली, भिंतीच्या बाजूला. अजून आत. तो बघ, तुझ्या नाकासमोर आहे."