मुलुंड ते मुलुंड : पासष्ट किलोमीटर, चार थांबे

शिमग्याला मोटारसायकलवरून कुडाळला जायचं, असं आत्याने आणि मी ठरवलं तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "आधी मुलुंडहून घाटकोपर, अंधेरी, बोरीवली करून घोडबंदरवरून घरी या. वाटेत एकदा बंद पडली तर मी बोलणार नाही. दोनदा पडली तर कुडाळला एसटीने जायचं."

एसटीने आत्या जाणार नव्हती. डॉक्टरांनी तिला सांगितलं आहे की पुढच्या वर्षी गुडघे गाडीवर बसू देणार नाहीत.

गाडी साडेतीनशे सीसीची, बासष्टची, म्हणजे माझ्याहून एक वर्षाने मोठी. आत्याचे यजमान, आमचे काका, दरवर्षी शिमग्याला आत्याला मागे बसवून हिच्यावरून गावी न्यायचे. ते गेल्यावर सहा वर्षं ती बोरीवलीत जिन्याखाली धूळ खात होती. मी टेम्पोत घालून मुलुंडला आणली आणि सात महिने काम केलं: सिलिंडर रिबोअर, नवा पिस्टन, नव्या वायरी, सहा व्होल्टचं सगळं काढून बारा व्होल्टचं, आणि टाकीला किल्लीचं नवं घट्ट झाकण, कारण हल्ली पेट्रोल चोरीला जातं. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून बिस्किटांच्या डब्यात ठेवला. मी डिप्लोमा मेकॅनिकल आहे आणि विक्रोळीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. नोंदीशिवाय मला चैन पडत नाही.

आत्या आदल्या दिवशीच मुलुंडला आली होती. रविवारी सकाळी सातला निघालो. टाकी जवळजवळ भरलेली, मीटरची नोंद वहीत. तुम्ही हा फेरा करणार असाल तर रविवारीच करा आणि आठच्या आत घाटकोपर ओलांडा. त्यानंतर हातगाड्या रस्ता धरतात.

विक्रोळीला, सातव्या किलोमीटरवर, गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. ठिणगी ठीक होती. बॅटरी साडेबारा व्होल्ट. मी प्लग हातात धरून उभी असताना मटणाची पिशवी घेतलेले एक गृहस्थ थांबले.

"कोणाची गाडी?"

"माझी."

"चालवतं कोण?"

"मीच."

त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "मी नाही हो, मी मागे बसते."

त्यांनी किल्ली मागितली, झाकण उघडून आत डोकावून पाहिलं, "पेट्रोल आहे," असं जाहीर केलं, मग प्लगची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. दुसऱ्या किकला गाडी सुरू. "वायर," ते म्हणाले आणि मटण घेऊन गेले. वायर सैल नव्हती. तरी मी वहीत लिहिलं: वायर.

"ह्यांनासुद्धा इथेच चहा लागायचा," आत्या मागून म्हणाली.

घाटकोपर–अंधेरी रस्ता कसा आहे विचाराल तर सांगण्यासारखं काही नाही; खड्डे चुकवता येत नाहीत, फक्त निवडता येतात. साकीनाक्याच्या जरा अलीकडे, नऊ किलोमीटरनंतर, पुन्हा तेच. समोर गॅरेज होतं. मालकाने आधी झाकण उघडलं, मग हेडलाइटकडे पाहिलं.

"बारा व्होल्ट केलंत? तिथंच वाट लागली मॅडम. जुनी गाडी आहे, तिला झेपायला पाहिजे ना."

"कॉइलही बाराचीच आहे."

"पुस्तकात असेल."

त्याने ठिणगीच्या पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवला. गाडी सुरू झाली. पाच रुपये. चहा त्याच्याकडून. आत्याने गुडघे चोळत चहा बशीत ओतला आणि गाडी बंद पडलेल्या बाईसारखी ती अजिबात दिसत नव्हती.

अट इथेच मोडली होती. मी तिला तसं सांगितलं.

"तुझ्या बापाला सांगणार कोण गो?"

"वही आहे."

"मेली ती वही."

तिसऱ्यांदा गोरेगावला, हायवेवर, बारा किलोमीटरनंतर. इथे एका टेम्पोवाल्याने झाकण उघडलं, टाकी हलवून पाहिली, कार्बोरेटरला पान्याच्या दांड्याने तीन टोले दिले आणि म्हणाला, "झकास. आता बोरीवलीपर्यंत बघायला नको." खरोखर बघावं लागलं नाही.

बोरीवलीला आत्याच्या घरी कुळथाची पिठी, भात आणि तळलेले बोंबील. मी जेवताना वही उघडून बसले. सात, नऊ, बारा. अंतर वाढत होतं. म्हणजे गाडी सुधारत होती. वायर, पॉइंट आणि कार्बोरेटर यांचा आपसात काही संबंध नाही, तरी प्रत्येक इलाज आधीच्यापेक्षा जास्त टिकला होता. दोष सापडत नाही आणि आपोआप कमी होतो, असं कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही. कामावर एखाद्याने मला असा अहवाल दिला असता तर मी तो परत केला असता.

"जेव," आत्या म्हणाली. "कारण पळून जात नाही."

दहिसरच्या पुढे पंपावर मी टाकी गळ्यापर्यंत भरली. लिटरला किती किलोमीटर पडतात हे मोजायचं तर दोन्ही वेळा टाकी काठोकाठ हवी. तुम्हीही इथेच भरून घ्या, पाण्याची बाटलीसुद्धा. पुढे घोडबंदर रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी, डावीकडे अधूनमधून खाडी चमकते आणि चहाची टपरी नशिबात असेल तरच दिसते. इतका सुंदर रस्ता मुंबईला इतका चिकटून आहे हे मला माहीत नव्हतं. तो बघायला मला पाचच किलोमीटर मिळाले.

चौथ्यांदा बंद. या वेळी आजूबाजूला कोणी नाही. मी वायर तपासली, पॉइंट साफ केले, कार्बोरेटरला टोलेसुद्धा दिले, याची मला लाज वाटते. पंचवीस किक मारल्या. काही नाही.

"पेट्रोल बघ," आत्या म्हणाली.

"आत्ता भरलंय, आत्या."

"तरी बघ. सगळे आधी तेच बघतात."

मी हातातला पाना खाली ठेवला. मग किल्ली फिरवली. झाकण उचलताना टाकीने हवा आत ओढली, सुस्स असा लांब आवाज झाला. पहिल्या किकला गाडी सुरू.

पेट्रोल खाली उतरायला वरून हवा आत यावी लागते. माझ्या नव्या झाकणाला भोकच नव्हतं. टाकीत जितकी कमी हवा, तितक्या लवकर पेट्रोल अडणार. पेट्रोल संपत गेलं तसं अंतर वाढलं, आणि टाकी भरताच गाडी पाचावर आली. तिघांनीही गाडी झाकण उघडून दुरुस्त केली होती. मी तिघांच्या नोंदी केल्या. झाकण उघडलं हे काही काम आहे असं मला वाटलंच नव्हतं.

रबर वॉशर काढला, झाकण सैल बसवून त्यावर रुमाल बांधला आणि निघालो. गायमुखपर्यंत आत्याने पदर नाकाला लावला होता.

"हा वास! लग्नाच्या पहिल्या वर्षी मला पेणपर्यंत दोनदा उलटी झाली होती. मग गेला वास."

"कसा गेला?"

"गेला आपला. हे म्हणाले, गाडीला तुझी सवय झाली."

तीनला मुलुंड. बाबा गॅलरीत उभेच होते. "किती वेळा?"

"चारदा," आत्या जिन्यातूनच म्हणाली. "चहाला."

मी वही बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली.

"झाकण कोणी बसवलं?"

"मी."

"मग गाडी बंद पडली नाही. तू पाडलीस." वही परत देत ते म्हणाले, "भोक पाड आणि जा कुडाळला."

मी बिस्किटांचा डबा काढला. जुन्या झाकणाला भोक केवढं आहे ते मोजून तेवढंच पाडायचं होतं. भोक होतं. ते आतून डाग देऊन बुजवलेलं होतं, वर कानस फिरवून गुळगुळीत केलेलं. घाईचं काम नव्हे. काका आयुष्यभर फिटर होते. या भोकाचं काम काय, हे त्यांना माझ्याआधी माहीत असणार.

मी झाकण आत्याच्या हातावर ठेवलं. "काकांच्या वेळी गाडी वाटेत बंद पडायची?"

"छे. एकदाही नाही. ह्यांना चहा लागायचा. थोडं गेलं की थांब, थोडं गेलं की थांब."

"आणि थांबल्यावर झाकण उघडायचे?"

"हो. पेट्रोल बघायला." तिने झाकण पदराने पुसलं. "कुडाळला पोचायला आम्हाला दोन दिवस लागायचे. लोक हसायचे."

आत्याला वास लागू नये म्हणून इतकी वर्षं एका माणसाने दोष माहीत असून तो तसाच ठेवला, आणि वास बाहेर न्यायला एक बारीक नळी पुरली असती. त्यांना ती सुचली नसेल, हे मला पटत नाही. सुचूनही बसवली नसेल, तर का, हे मला आत्याला विचारता आलं नाही.

मी नव्या झाकणाला एक मिलिमीटरचं भोक पाडलं आहे आणि त्याला बारीक रबरी नळी जोडून ती इंजिनाखाली सोडली आहे. परवा ठाण्यापर्यंत जाऊन आले; गाडी थांबली नाही, वासही आला नाही. कुडाळचा आराखडा तयार आहे. त्यात दर पंचवीस किलोमीटरला एक थांबा लिहिला आहे. कारणाचा रकाना मोकळा ठेवला आहे.