कोल्ह्याने उकरलेला बांध

खांदेश्वरच्या घरून सासरच्या गावी जाऊन बांध बुजवण्याचे काम मी साठीनंतर शिकू लागले, तेव्हा माझ्याकडून कुणाची फारशी अपेक्षा नव्हती; माझी स्वतःची तर मुळीच नव्हती. त्याआधीची सगळी वर्षे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली होती. थोरल्या जाऊबाईंचे गुडघे धरले आणि खाडीकाठच्या शेतासाठी आणखी दोन हात हवे होते, एवढेच.

शेत म्हणजे सरकारी भूसंपादनातून उरलेला एक लहान तुकडा. खाडी आणि भात यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. खेकडे त्यात बिळे करतात. ती पावसाआधी बुजवली नाहीत, तर उधाणाचे खारे पाणी आत शिरते आणि त्या जागी त्या वर्षी भात धरत नाही. यंदाही पीक बुडाले तर भराव टाकून जागा ट्रक उभे करायला द्यायची, असे थोरल्या दिरांनी सांगून टाकले होते. दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई बांधावर जाऊ लागल्या, आणि त्यांच्याबरोबर मी.

ओहोटीला खाडीच्या बाजूने उतरायचे, चिखलात पेंढा कालवून गोळा करायचा आणि कोपरापर्यंत हात घालून तो बिळात ठासायचा. नऊ वाजता ऊन पाठीवर बसे. घरी परतल्यावर माझा हात केसांपर्यंतही जात नसे.

झोप कमी असल्यामुळे मी उजाडतानाच पोहोचत असे. खाडीतल्या तिवरांच्या झाडीतून कोल्ह्यांची जोडी बांधावर येई. पुढच्या पायांनी माती उकरायची, तोंड खुपसायचे, मग खेकडा फुटल्याचा कुडकुड आवाज. ती निघून गेली की बांध जागोजागी विस्कटलेला दिसे. मी फावड्याने माती परत लोटून थापून टाकी. विस्कटलेले कपाट पाहवत नाही, ही जुनी सवय; शिवाय मला नीट जमणारे तेवढेच एक काम होते.

जाऊबाई मागाहून येत आणि बांध न्याहाळत चालत.

“यंदा कोल्हा नाय फिरकला वाटतं,” त्या एकदा म्हणाल्या.

एवढ्याशा गोष्टीसाठी तोंड उघडावे असे मला वाटले नाही.

पौर्णिमेच्या दुपारी भरती चढली आणि बांधाच्या आतल्या बाजूने पाण्याची बारीक धार लागली. आम्ही धावलो. धार मनगटाएवढी झाली. आतून लावलेला गोळा टिकेना. पाणी उतरले तेव्हा शेताचा एक कोपरा चकाकत होता.

जाऊबाईंनी बाहेरून माती खरवडली. माझ्या थापलेल्या थराखाली बीळ होते.

“ही माती कुनी थापली?”

“मी. कोल्हे उकरतात ना, म्हणून. रोजच थापते.”

त्यांनी उघड्या पडलेल्या बिळाकडे बोट केले. “अगो बाय, हितं भोक हाय, असा तो दावून जातो! मी दरसाल त्याच्याच मागनं बुजवत जाते. आनि तू बुकांवरची धूल झटकल्यागत सगला पुसून ठेवलास!”

संध्याकाळी दीर आले. “बगितलास? बांध सरलाय. किती लिंपशील?”

जाऊबाई हातावरचा वाळलेला चिखल सोलत राहिल्या. माझे नाव त्यांनी घेतले नाही. इतक्या वर्षांत दिरांना मी चहा हवा का, यापलीकडे काही विचारले नव्हते.

“बांध चांगला आहे,” मी म्हणाले. “कोल्ह्याच्या खुणा मी पुसल्या. चूक माझी आहे.”

“तुमी?” ते हसले. “म्हंजी कोल्हा कामाला, आनि तुमी त्याच्या मागं झारू मारायला?” जाता जाता जाऊबाईंना म्हणाले, “कोपरा सोरून भात लाव. यंदाचं बगू.”

दुसऱ्या दिवशी उजाडता पाहिले, तर त्या कोपऱ्यावर मिठाची पांढरी साय धरू लागली होती. माझा खांदा वर उचलेना. कोल्हे जाईपर्यंत मी दूर उभी राहिले, मग खाली उतरून त्यांनी उकरलेल्या पहिल्या बिळात गोळा ठासला. भोवतीची माती मात्र तशीच विस्कटलेली राहू दिली. जाऊबाईंना यायला अजून वेळ होता.