लोकरीतला कातळ

गेल्या मंगळवारी डहाणूला आमच्या दुकानात एक गोष्ट झाली... लिहू की नको, तेव्हापासून चाललंय. मला चार माणसांसमोर बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

दुकान म्हणजे वैशालीताईंचं, ब्लाउज शिवायचं. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी त्यांच्याकडे हुक लावते, साडीला फॉल लावते. रानशेतवरून शेअर रिक्षाने येते.

दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी विणते. रोज एक तुकडा... कधी क्रोशाचा, कधी दोन सुयांवरचा. फ्रीफॉर्म म्हणतात त्याला, यूट्यूबवर बघितलं होतं. डिझाइन नाही, टाके मोजणं नाही, हात जाईल तिकडे जायचं. आजचा तुकडा कालच्याला जोडायचा, बस.

न मोजल्यामुळे होतं काय, टाके जास्त झाले की कडेला झालर येते आणि वाढवायचे विसरले की वाटी होते. माझ्या वाट्या आणि झालरीच जास्त. आई विचारते, हे घालणार कोण? जुने स्वेटर उसवून केलेलं, करडं, हिरवट, खडबडीत... वर्षभरात चादरीएवढं झालं होतं.

त्याच्या मध्ये एक नळीसारखा भाग होता. तो मी सुयांवर विणला होता. दिसायला घाण दिसतो म्हणून कितीदा तरी उसवला. पण दुसऱ्या दिवशी बसले की हात परत तेच करायचे... शेवटी नाद सोडला.

तर मंगळवारी वाढवणच्या हिराकाकी ब्लाउज न्यायला आल्या. मासळी विकतात, तोंडाने एकदम फटकळ. नेहमीसारखं ताईंना म्हणाल्या, तुमच्या ह्या मुकीला कोणी पळवून नेलं तरी ओरडायची नाही. ताई हसल्या. मी खाली बघून विणत राहिले.

मग काकींची नजर माझ्या विणकामावर गेली. माझ्याजवळ खालीच बसल्या आणि विणकामावरून हात फिरवायला लागल्या... डोळ्याने दिसत नसल्यासारखा, हळूहळू. ही खाच, हा आडवा दगड, इथे पाय घसरतो, असं स्वतःशीच बोलत होत्या. त्यांच्या गावापुढे ओहोटीला जो कातळ उघडा पडतो, जिथे बायका दगडाला चिकटलेली शिंपल्यातली कालवं काढायला जातात, तो होता म्हणे तो. तसाच्या तसा.

मी वाढवणला कधी गेलेच नव्हते. तसं सांगितलं पण. काकींचं लक्षच नव्हतं, त्यांचं बोट त्या नळीच्या तोंडाशी थांबलं होतं.

त्यांची धाकटी बहीण तिथेच पाण्यात गेली होती... पुष्कळ वर्षं झाली. कातळात तिथे खरंच एक भोक होतं, त्याच्याजवळ कालवं मोठी मिळायची, म्हणून ती जरा मागे राहिली. बाकीच्या किनाऱ्यावर आल्या, वळून बघितलं तर ती नव्हती. समुद्र तर अजून लांबच होता. भरती न कळणारी पोरगी नव्हती ती, तरी गावात लोक तिलाच बावळट म्हणाले. काकींनी मग ती जागा कधी कोणाला दाखवलीच नाही. स्वतःच्या मुलीला पण नाही.

काकींनी बोट आत घातलं. मला वाटलं, जसं काही माझ्याच अंगात घातलं. बोट आत वळलं आणि मागच्या बाजूने बाहेर आलं... गावाकडच्या बाजूने.

"पाणी पुढून आलंच नाही," काकी म्हणाल्या. "मागून आलं."

आणि ताडकन उठल्या. कारण त्यांची मुलगी दर्शना आदल्याच दिवशी टोपली भरून कालवं घेऊन आली होती. एक नवीन भोक सापडलंय म्हणाली होती, बुधवारी परत जाणार म्हणून.

बुधवारी काकी मला आणि दर्शनाला घेऊन ओहोटीला कातळावर गेल्या. दर्शना रस्ताभर कुरकुरत होती, आता लोकर बघून आम्ही कालवं काढायची काय.

मला वाट विचारावी लागली नाही. हे लिहिताना पण काटा येतोय... पाय कुठे ठेवायचा ते पायांना माहीत होतं. सगळ्यात पुढे मीच होते.

भोकाशी पोचलो. समुद्र नुसती एक रेघ, दगड कोरडे, ऊन. दर्शना म्हणाली, बघा ना, कुठे आहे पाणी?

आम्ही तशाच उभ्या राहिलो. वारा पण नव्हता. मग भोकातून आवाज आला... आतून कोणीतरी श्वास घेतल्यासारखा. मागे वळून बघितलं तर आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये पाणी चमकत होतं. समुद्र तिथेच, लांब.

घोट्याएवढंच होतं, पण ओढत होतं. एकमेकींचे हात घट्ट धरून आलो. काकींनी घराच्या दारापर्यंत तिचा हात सोडला नाही.

दारात टेकल्या आणि मला म्हणाल्या, "माझी बहीण बावळट नव्हती गो."

ती चादर मी काकींकडेच ठेवून आले. मागितली नव्हती त्यांनी. वर्षभराचं काम होतं, पण घरी न्यायची हिंमत झाली नाही. आता कालवं काढायला जाणाऱ्या प्रत्येक पोरीला त्या आधी त्या नळीत बोट घालायला लावतात, मग जाऊ देतात. दर्शना जाते, पण दुसऱ्या बाजूला. तेवढ्यासाठी माझ्या हातांचे उपकार मानते मी.

पण हात थांबत नाहीत. परवापासून नवीन सुरू झालंय... ह्यावेळी समुद्र वाटत नाही. उभं, अरुंद आहे, एका बाजूला पायऱ्यांसारखं काहीतरी, आणि खाली गोल.

फोटो टाकलाय. कोणाला ही जागा ओळखीची वाटली तर प्लीज सांगा... पूर्ण व्हायची वाट बघू नका.